एकदाच पाणी पाहणाऱ्या मुंग्या

एका जंगलात सगळे एकमेकांचं ऐकायला तयार होते, फक्त कुणाचं बोलणं कुणाला कळत नसे.

मुलांनो, नीट बसा. गोष्ट साधी आहे. हिच्यात वाघ येत नाही आणि कुणी कुणाला खात नाही. काही शब्द तेवढे खाल्ले जातात.

त्या जंगलाचा दरबार हुकूम काढायचा तो दरबारी भाषेत. भाषा इतकी गोड, की ऐकताना मान डोलायची. पण नेमकं करायचं काय, ते मान डोलवून झाल्यावरही कळायचं नाही. ‘नदीकाठची लाकडे हलविण्यात यावीत’ असा हुकूम निघाला, तेव्हा वानरं त्या लाकडांवर बसून दिवसभर झुलली. संध्याकाळी त्यांनी कळवलं, की लाकडं हलवली आहेत.

मग दरबाराने एक सोय केली. माळावर ऐनाचा एक मोठा पोकळ ओंडका आडवा पडला होता. त्याच्या पुढच्या तोंडातून हुकूम आत टाकायचा. आत बसलेले जाणकार तो चघळणार, सोपा करणार. मागच्या बाजूला हत्तींचं दार वेगळं, वानरांचं वेगळं. हत्तींच्या दारातून तो हत्तींच्या बोलीत बाहेर पडायचा, वानरांच्या दारातून वानरांच्या. या ओंडक्याला जंगलात कंपायलर म्हणत, आणि मागच्या दारांना बॅकएंड. माणसांच्या गावातही हेच असतं, तिथे फक्त ओंडका दिसत नाही.

हत्तींचं दार होतं, वानरांचं होतं, सुतारपक्ष्यांचंही होतं. मुंग्यांचं नव्हतं. मुंग्यांना कोण विचारतो.

खरं तर विचारायला हवं होतं. मुंगी म्हणजे जंगलातली मायक्रोकंट्रोलर. तुमच्या घरच्या गीझरमध्ये नखाएवढी चिप असते ना, पाणी तापलं की आपोआप बंद करणारी? तिची सख्खी बहीण. मेंदू मोहरीहून लहान, आठवण त्याहून लहान. पण एकदा काम सांगितलं, की सांगितलं तेवढं आणि सांगितलं तसं करणार. न सांगितलेलं मात्र जीव गेला तरी करणार नाही.

जंगलाच्या वरच्या अंगाला एक तळं होतं. तळ्याला बांध, बांधाला मोरी, मोरीला गवताचं घट्ट बूच. बांधाच्या दगडावर एक पांढरी रेघ होती. पाणी रेघेला लागलं, की मुंग्यांनी बूच ओढायचं आणि पाणी ओढ्याला सोडायचं. नाही ओढलं, तर पाणी बांधावरून उतरणार आणि खालच्या वस्तीतल्या बिळांत शिरणार. बूच होतं इतक्या अडचणीच्या जागी, की तिथे मुंगीशिवाय कुणी शिरू शकत नसे.

एक म्हातारा खेकडा बांधावर एका दगडावर बसून पाणी पाहायचा आणि वेळ आली की मुंग्यांना नांगीने खूण करायचा. कित्येक पावसाळे असे गेले. मग एक दिवस तो चिखलात शिरला आणि निवृत्त झाला. निरोप समारंभ नाही, काही नाही. पुष्कळांना तर तो होता हेच त्यानंतर कळलं.

आता खालच्या वस्तीत मृण्मयी नावाची एक सायाळ राहायची.

मृण्मयी भाषाशाळेत शिकलेली होती. हुशार होती. पण दचकायची फार. पान पडलं की दचकायची. पान पडलं नाही, तर आता पडेल म्हणून दचकायची. दचकली की पाठीवरचे सगळे काटे उभे. मग शेजारी ज्याला टोचले असतील त्याची माफी मागायची. माफी नीट मागितली गेली का, या काळजीने काटे पुन्हा उभे. वस्ती तिला काटेबाई म्हणायची. आई म्हणायची मनू.

आईला ऐकू कमी यायचं. त्यांचं बीळ वस्तीत सगळ्यांत खाली, ओढ्याला लागून. खेकडा गेल्याचं मृण्मयीने आईला तीनदा सांगून पाहिलं. आई म्हणाली, बरं झालं, चांगला आहे बिचारा, पाण्यावर लक्ष ठेवतो.

त्या दिवसापासून मृण्मयीला झोप येईना. पावसाळा तोंडावर, बांधावर कुणी नाही, आणि मुंग्यांना सांगणार कोण? शेवटी तिने ठरवलं, की ओंडक्याला मुंग्यांचं दार आपणच करायचं. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचा मोबदलाही मिळणार नव्हता. अशा कामाला जंगलात योगदान म्हणतात.

ती मुंग्यांच्या वारुळापाशी जाऊन बसली. मुंग्यांची मुकादम होती बयो. बयोने तिला सगळी बोली शिकवली. शिकवायला फार नव्हतंच. पाहा, चाल, उचल, ओढ, थांब, परत. मुंगीला ‘सवडीने’ माहीत नाही, ‘बहुतेक’ माहीत नाही, ‘बघू या’ तर अजिबातच नाही. मृण्मयीला वाटलं, किती सुखाचा संसार आहे हा. मोठा हुकूम मुंगीच्या डोक्यात मावायचा नाही, म्हणून त्याचे बारके तुकडे करावे लागत. कुठला तुकडा कुठल्या पायाला सांगायचा, हेही ठरवावं लागे. तिने ते सगळं बसवलं. बयोने ऐकलं आणि म्हणाली, “ताई, हे आमच्यासारखं बोलणं झालं.” मृण्मयीला यापूर्वी कुणी इतकं चांगलं काही म्हटलं नव्हतं. तिचे काटे उभे राहिले, पण या वेळी आनंदाने.

दार तयार झालं. आता ते ओंडक्याला बसवून घ्यायचं होतं. त्यासाठी बगळेसाहेबांची संमती हवी.

बगळेसाहेब ओंडक्याचे प्रमुख. तळ्यात एका पायावर उभे असायचे, डोळे मिटून. कुणी म्हणायचं विचार करतात, कुणी म्हणायचं झोपतात. मृण्मयीने आपलं काम पळसाच्या पानांवर नीट लिहून त्यांच्यापुढे ठेवलं. साहेबांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, दोन शब्दांमध्ये अंतर जास्त आहे, दरबारी रीत बोटभर अंतराची. तिने सगळं पुन्हा लिहिलं. मग म्हणाले, एवढं एकदम नको, तुकडे करून आणा. तिने तुकडे केले. ते पाहून म्हणाले, तुकड्यांवरून समग्र चित्र उभं राहत नाही. तिने तुकडे जोडले. त्यानंतर साहेबांनी डोळे मिटले ते मिटलेच.

अशा वेळी जंगलात आठवण करून द्यायची एक रीत असते. समोर जाऊन उभं राहायचं आणि हलकेच खोकायचं. लगेच नाही, आठवडा जाऊ द्यायचा. जोरात नाही, साहेबांना राग येतो. फार हळूही नाही, साहेबांना जाग येत नाही. मृण्मयी बिळात बसून आईसमोर खोकायचा सराव करायची. आई तिला आल्याचा रस द्यायची.

चौथ्या खोकल्याला साहेबांनी शेवटची अट सांगितली. मुंग्यांनी कुणाचं तोंडी सांगणं ऐकता कामा नये. ओंडक्यातून आलेला आणि कोपऱ्यावर दंतोपंतांच्या दाताची खूण असलेला हुकूमच मानायचा. नाहीतर उद्या कुणीही येऊन बूच ओढायला सांगेल. मृण्मयीला ते थोडं खटकलं. खेकडा तर तोंडीही सांगत नव्हता, नुसती नांगी हलवायचा. पण नाही म्हटलं तर साहेब पुन्हा डोळे मिटतील, ही भीती मोठी होती. तिने ती अट स्वतःच्या हाताने लिहिली. बयोने ती पाठ केली. मुंगीने पाठ केलेलं पुसलं जात नाही.

आता हे दंतोपंत कोण? ओंडक्याच्या मधल्या पोकळीत उंदरांचं काटकसर खातं होतं. दंतोपंत त्याचे मुख्य. पुढून हुकूम आला, की त्यातला जास्तीचा शब्द कुरतडून टाकायचा, हे त्यांचं काम. हुकूम छोटा झाला की काम लवकर होतं. दरबाराने त्यांना त्याबद्दल शाबासकी दिली होती, आणि शाबासकीच्या हुकुमातलेही निम्मे शब्द त्यांनी खाऊन टाकले होते.

मृण्मयीने दार चालू करण्याआधी एकदा खऱ्या मुंग्यांवर करून पाहायचं ठरवलं. साहेब म्हणाले, गरज काय? पण तिचा जीव ऐकेना. सहलीला आलेल्या माणसांनी टाकलेली एक करवंटी होती. तिच्यात तिने थोडं पाणी घातलं, आतून खडूने रेघ मारली, आणि कडेला गवताच्या काडीवर बयोला बसवलं. मग दरबाराचा हुकूम ओंडक्यात टाकला. हुकूम असा होता : पाणी पाहा. रेघेला लागलं नसेल तर परत पाहा. लागलं की बूच ओढ.

मागच्या दारातून पान आलं. तिने ते बयोला दिलं, आणि करवंटीत हळूहळू पाणी ओतू लागली.

बयोने पाणी पाहिलं आणि शांत उभी राहिली. पाणी रेघेला लागलं. बयो उभी. पाणी रेघेच्या वर गेलं. बयो उभी. पाणी काठाला आलं, काडी तरंगायला लागली, बयोचे पाय भिजले, पोट भिजलं.

“बयो, पाणी कुठे आहे?” मृण्मयीने विचारलं.

“रेघेखाली, ताई.”

“अगं, तू पाण्यात आहेस.”

“मी पाहिलं तेव्हा खालीच होतं,” बयो तरंगत म्हणाली. “परत पाहा असं हुकुमात नाही.”

मृण्मयीने तिला बाहेर काढलं आणि ते पान वाचलं. त्यावर लिहिलं होतं : पाणी पाहा. रेघेला लागलं नसेल तर उभी राहा. लागलं असेल तर बूच ओढ. ‘परत पाहा’ कुठेच नव्हतं. ते कुरतडून त्या जागी ‘उभी राहा’ बसवलं होतं, आणि कडेला बारीक, नीटनेटके दात उमटले होते.

ती धावत दंतोपंतांकडे गेली. दंतोपंत मिशा पुसत होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही बोलले नाहीत, कारण त्यांच्या तोंडात कुणाचं तरी विशेषण होतं.

“पोरी,” ते म्हणाले, “एकदा पाहिलं ना पाणी?”

“हो, पण पाणी बदलतं.”

“मुंगीने बदललं का?”

“नाही.”

“हुकुमात कुठे लिहिलंय, की आता पाणी बदला?”

“नाही लिहिलेलं. पण पाऊस—”

“पाऊस आपल्या खात्यात येतो का?” दंतोपंतांनी मायेने विचारलं. “नाही ना? मग हुकुमापुरतं पाणी आहे तसंच आहे. आहे तसंच आहे ते परत पाहायचं, याला आम्ही उधळपट्टी म्हणतो. आणि तू शिकलेली मुलगी, तुला दुभत्या म्हशीसारखं सगळं दोनदा का लागतं?”

मृण्मयीने चाचरत सांगितलं, की खात्याच्याच नियमात एक सोय आहे. शब्दावर शेंदराचा ठिपका असला, तर ती वस्तू चंचल समजायची आणि तिला दात लावायचा नाही. दंतोपंत म्हणाले, बरोबर आहे, पण ठिपका हुकूम लिहिणाऱ्याने द्यायचा असतो. दरबार काही ठिपका देत नाही, अक्षर खराब दिसतं म्हणून. मग मी माझ्या दारात देते, मृण्मयी म्हणाली. दंतोपंत हसले. तुझं दार शेवटी, मी मध्ये. तुझ्यापर्यंत येईतो मी जेवलेलो असतो.

मृण्मयी घरी आली. आईने विचारलं, काय झालं गं मनू. ती म्हणाली, काही नाही. आई म्हणाली, मग काटे का उभे आहेत. ती म्हणाली, सवय आहे.

दुसऱ्या दिवशी तिने दोन गोष्टी लिहून दिल्या. एक होती दुरुस्ती, अवघ्या एका ओळीची : मुंग्यांच्या हुकुमातल्या पाण्याला दात लावू नये. दुसरी होती टेस्ट.

टेस्टची पद्धत अशी, की ओंडक्याच्या बाजूला एक वेल बांधलेली होती. प्रत्येक टेस्टचं एक पान तिच्यावर लटकायचं. पानावर हुकूम आणि त्याचं अपेक्षित उत्तर. ओंडक्याने तेच उत्तर दिलं, की पान हिरवं राहायचं. दुसरं दिलं, की पान वाळायचं. पानांची देखभाल एक सरडा करायचा. स्वभावाने गोड. कुणाशीही बोलताना त्याच्या रंगाचा व्हायचा.

मृण्मयीने आपलं पान लटकवलं. अपेक्षित उत्तर लिहिलं : परत पाहा. पान लगेच वाळलं. तिला बरंच वाटलं. आता तरी सगळ्यांना दिसेल.

दिसलं. वेलीवर शेकडो हिरवी पानं आणि मध्ये एक वाळकं. नेमकं त्याच आठवड्यात दरबारातून कळलं, की राजेसाहेब दौऱ्यावरून परत येत आहेत, आणि मुंग्यांचं नवं दार त्यांच्या आगमनाच्या दिवशी चालू व्हायला हवं. बगळेसाहेबांनी दोन्ही डोळे उघडले. हे जंगलात क्वचित घडतं. ते म्हणाले, त्या दिवशी वेलीवर एकही वाळकं पान नको.

मृण्मयी म्हणाली, मग दुरुस्ती घ्या, एकच ओळ आहे. साहेब म्हणाले, ती ओळ मधल्या पोकळीतली आहे. तिथे हात घालायचा तर हत्तींना विचारावं लागेल, वानरांना विचारावं लागेल, सुतारपक्ष्यांचं मत मागवावं लागेल. ते पुढच्या खेपेला. दार मात्र सुंदर झालंय हो तुमचं.

सकाळी मृण्मयी वेलीपाशी गेली आणि दचकली. तिचं पान हिरवंगार होतं.

तिने सरड्याला विचारलं, दुरुस्ती घेतली का? सरडा तिच्यासारखाच करडा होत म्हणाला, “नाही मॅडम. तुमच्या टेस्टमध्ये अपेक्षित उत्तर चुकलं होतं. मी ताजं केलं.”

“ताजं म्हणजे?”

“ओंडका काय उत्तर देतो ते पाहायचं आणि अपेक्षित म्हणून तेच लिहून टाकायचं. सगळी पानं अशीच केलेली आहेत. म्हणून तर हिरवी आहेत.”

मृण्मयीने पान उलटून पाहिलं. तिच्याच अक्षराखाली लिहिलं होतं, अपेक्षित उत्तर : उभी राहा.

“पण हे उत्तर चूक आहे,” ती म्हणाली.

सरड्याने विचार केला. खरंच केला, त्याचा रंग दोनदा बदलला. “चूक असेल मॅडम,” तो म्हणाला, “पण रोज तेच येतं. सातत्य आहे.”

राजेसाहेबांच्या आगमनाचा दिवस उजाडला. स्वच्छ ऊन पडलं होतं. राजेसाहेब आले नाहीत, त्यांचा संदेश आला. बांधावर फुलं टाकली होती, हत्तींना पुढच्या रांगेत बसवलं होतं. मृण्मयीला हार घातला तो लगेच काट्यांत अडकून फाटला. तिने हार घालणाऱ्या वानराची माफी मागितली.

ओंडक्यातून हुकुमाचं पान आणलं गेलं. बयो आणि तिच्या मुंग्या मोरीच्या तोंडाशी ओळीत उभ्या होत्या. बयोने पान वाचलं, पाणी पाहिलं, म्हणाली, “रेघेखाली,” आणि सगळ्या मुंग्या उभ्या राहिल्या. टाळ्या झाल्या. बगळेसाहेब तळ्यात एका पायावर उभे राहून बोलायला लागले. आता कुणा खेकड्याच्या लहरीवर जंगल अवलंबून नाही, असं ते म्हणाले. पाणी त्यांच्या घोट्याला होतं.

इथे ऊन होतं मुलांनो, पण वर डोंगरात रात्रीच पाऊस झाला होता.

पाण्याचा रंग आधी बदलला. मग त्यावरून काटक्या यायला लागल्या. मग साहेबांचं भाषण विस्ताराकडे वळलं, तेव्हा पाणी त्यांच्या गुडघ्याला होतं. हे सगळं एकट्या मृण्मयीने पाहिलं, कारण बाकी सगळे व्यासपीठाकडे पाहत होते. तिचे काटे उभे राहिले. शेजारचं भेकर पलीकडे सरकलं. “या बाईचं काही ना काही चालूच असतं,” ते आपल्या बायकोला म्हणालं.

ती साहेबांच्या जवळ गेली आणि खोकली. साहेबांनी भाषण थांबवलं नाही. ती पुन्हा खोकली, रीत मोडून, मधे आठवडा न जाऊ देता. पाणी वाढतंय साहेब, ती म्हणाली. साहेबांनी वेलीच्या दिशेने चोच केली. “सगळी पानं हिरवी आहेत ना?” म्हणाले, आणि पुढचा मुद्दा घेतला. पाणी त्यांच्या पोटाला लागलं होतं.

ती मोरीच्या तोंडाशी धावली. “बयो, परत पाहा.”

“ताई, तुम्ही तोंडी सांगताय.”

“मी सांगतेय म्हणून पाहा.”

“तोंडी ऐकायचं नाही, असं तुम्हीच लिहिलंय,” बयो म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. “दाताची खूण असलेला नवा हुकूम आणा. नवा आला की नव्याने एकदा पाहीन.”

खाली वस्ती होती. सगळ्यांत खालच्या बिळात आई दुपारची झोपली असणार. आईला पाण्याचा आवाज ऐकू येणार नव्हता.

मृण्मयी धावली. सायाळ धावताना तुम्ही पाहिली नसेल; भांड्यांची फडताळं पडल्यासारखा आवाज येतो. माळ ओलांडून ती ओंडक्यापाशी पोचली, तोच जुना हुकूम पुढच्या तोंडात टाकला, आत दंतोपंतांनी त्यातला नेमका तोच घास घेतला, कोपऱ्याला दात लावला, आणि मागच्या दारातून पान पडलं. ते घेऊन ती परत आली आणि धापा टाकत बयोपुढे धरलं.

बयोने पान वाचलं. पाणी पाहिलं. पाणी रेघेच्या केसभर खाली होतं.

“रेघेखाली,” बयो म्हणाली आणि उभी राहिली.

त्याच क्षणी पाणी रेघेला लागलं. मृण्मयीने ते लागताना पाहिलं. बयोने नाही.

मृण्मयी पुन्हा धावली. या वेळी तिने कुणाची माफी मागितली नाही, वाटेत आलेल्या हत्तीचीही नाही. परत आली तेव्हा पाणी रेघ बुडवून बांधाचा माथा चाटत होतं, आणि पलीकडे एक बारीक धार वस्तीकडे निघाली होती. साहेब उडून फांदीवर बसले होते आणि आभारप्रदर्शन करत होते. तिने पान पुढे केलं.

बयोने वाचलं. पाणी पाहिलं.

“लागलं,” ती म्हणाली.

सगळ्या मुंग्यांनी एकदम बूच ओढलं. मोरी गर्जली. पाणी ओढ्याला लागलं, बांधावरची धार बारीक होत थांबली, आणि हत्तींना वाटलं की हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी सोंडा वर करून सलामी दिली.

मृण्मयी वस्तीत धावली. बिळात घोटाभर पाणी शिरलं होतं. आई अंथरुणावर बसून आपले ओले पाय पाहत होती. “मनू,” ती म्हणाली, “माझ्याकडून घागर कलंडली वाटतं.” मृण्मयीने आईला उचलून उंचवट्यावर बसवलं आणि मग तिथेच बसून रडली.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते.

चौकशी झाली. मुंग्यांनी हुकूम मिळताच पाणी पाहिलं आणि लागताच बूच ओढलं, असं ठरलं. ओंडका निर्दोष. दंतोपंतांनी दाखवून दिलं, की ‘परत पाहा’ नसतानाही काम झालं, म्हणजे ते शब्द जास्तीचेच होते. मृण्मयीच्या दुरुस्तीवर बगळेसाहेबांनी शेरा मारला : समस्या पुन्हा दिसली नाही, सबब बंद. सरड्याने बांधाच्या दगडाचं निरीक्षण केलं. बूच ओढलं तेव्हा पाणी रेघेच्या बरंच वर होतं, आणि अपेक्षेप्रमाणे ते रेघेवर असायला हवं होतं. म्हणून त्याने जुनी रेघ पुसली आणि पाणी होतं तिथे नवी मारली.

मृण्मयीने विचारलं, पुढच्या वेळी आणखी वर गेलं तर?

तो म्हणाला, “ताजी करू, मॅडम.”

मृण्मयीचा सत्कार झाला आणि नेमणूकही झाली. पद मानाचं, म्हणजे पगार नाही. काम सोपं. रोज सकाळी ओंडक्यावर जाऊन ताज्या दाताचा हुकूम आणायचा, तो हातात घेऊन बांधावर बसायचं आणि पाण्याकडे पाहत राहायचं. पाणी रेघेजवळ आलं, की हुकूम बयोपुढे धरायचा. बसायला तिला एक दगड दिला. तो मधोमध थोडा खोलगट होता. तिथे आधी कुणीतरी फार वर्षं बसत असावं.

एकदा बयोने विचारलं, “ताई, पाणी तुम्हीच बघता, तर मग आम्ही काय बघतो?”

“मला,” मृण्मयी म्हणाली, पण पाण्यावरची नजर काढली नाही.

आता ती दचकत नाही. दचकली तर नजर हलेल. काटे मात्र कायमचे उभे राहिलेत, त्यामुळे लांबून झुडुपासारखी दिसते, आणि बगळेसाहेब पाहुण्यांना बांध दाखवताना ते झुडूप तोडायला सांगू का, असं विचारतात.

खालच्या बिळात आई सुखाने झोपते. कुणी भेटलं की कौतुकाने सांगते, “आमच्या मनूने अशी काही सोय केलीय म्हणे, की आता पाण्याकडे कुणाला बघत बसावं लागत नाही.”

तात्पर्य : मुलांनो, पाणी वाढतंय हे आधी दिसलं, तर पटकन दुसरीकडे पाहा; जो परत पाहतो, त्याला जन्मभर तेवढंच पाहायला बसवतात. आणि परीक्षेत उत्तर चुकलं तर मुळीच घाबरू नका. फक्त उत्तरपत्रिका तपासायला सरडा आहे ना, एवढं विचारून घ्या.